काडी न लावता

‘साफ करणे’ या शब्दांत आपल्याकडे काडेपेटी गृहीत धरलेली असते. अंगण साफ केले, बांध साफ केला, प्लॉट साफ केला, असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी ढीग आणि मग त्या ढिगावरचा धूर उभा राहतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा धूर वर्षातून दोनदा ठळकपणे भेटतो. पहिल्यांदा माघ-फाल्गुनात, पानगळीच्या दिवसांत. दुसऱ्यांदा वैशाखात, पावसाळ्यापूर्वी जमिनी मोकळ्या करण्याची घाई सुरू होते तेव्हा. पहिला धूर खराट्याच्या टोकाशी जन्माला येतो, दुसरा जेसीबीच्या मागोमाग येतो. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते : जळाले म्हणजे संपले.

ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिच्याशी माझे भांडण झाले ते मात्र एखाद्या सभेत किंवा वर्तमानपत्राच्या पानावर नव्हे, तर घरात, सख्ख्या भावाशी. म्हणूनच त्या भांडणातील दुसरी बाजूही मला जवळून पाहता आली.

आधी या पानांविषयी. आज निगडी, आकुर्डी, चिंचवड या भागांतील रस्त्यांवर जी घनदाट सावली दिसते, ती येथे पूर्वापार नव्हती. नदीकाठची शेते सोडली तर हा बराचसा माळ होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढत गेली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. या वाढीबरोबर झाडेही लावली गेली. टेल्कोचा कारखाना उभा राहत असताना सुमंत मुळगावकरांनी त्या उजाड जागेवर झाडे लावून घेतली आणि तळे तयार करवले, ही गोष्ट या भागात आजही सांगितली जाते. वर्षावृक्ष, गुलमोहर, पीतमोहर, काशीद अशी भराभर वाढणारी झाडे रस्त्यांच्या कडेला, कारखान्यांच्या आवारांत आणि गृहसंस्थांच्या कुंपणांलगत उभी राहिली. आता ती मोठी झाली आहेत आणि मोठ्या झाडाची पानेही पोतीच्या पोती गळतात. सावली आम्हांला हवी असते. पान मात्र गळताक्षणी कचरा ठरते. एकाच झाडाविषयी आपल्या मनात अशी दोन टोकांची भावना असते, हे खराटा हाती घेणाऱ्या बाईखेरीज फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

आमचे गाव चाकणच्या अलीकडे, इंद्रायणीच्या बाजूला. वडील असेपर्यंत तेथे कांदा, भुईमूग आणि ज्वारी होत असे. चाकणचा कांद्याचा बाजार जवळ. त्यामुळे घरखर्चाचे गणित त्या बाजाराच्या भावावर चाले. पुढे रस्त्यासाठी थोडी जमीन गेली, थोडी कारखान्यांच्या आगमनाबरोबर विकली गेली आणि शेवटी आईच्या नावावर चौदा गुंठ्यांचा एक तुकडा राहिला. वडील गेल्यानंतर तो पडीक पडला. पडीक जमीन रिकामी राहत नाही. तिला लगेच नवे मालक भेटतात. वेडी बाभूळ, सुबाभळीची रोपे, घाणेरीची जाळी, गुडघाभर गवत आणि कोणीतरी येऊन टाकलेला राडारोडा, एवढ्यांनी पाच-सहा वर्षांत त्या तुकड्याचा ताबा घेतला.

एका वैशाखात तो तुकडा विकायचे ठरले. दादाच्या मुलाचे अभियांत्रिकीचे प्रवेशशुल्क भरायचे होते. घेणाऱ्याची अट होती की जागा मोकळी करून द्यावी, तीही आठ दिवसांत. दादाने हिशोब मांडला : जेसीबीवाला एका दिवसात सगळे उपटून मधोमध ढीग लावेल, संध्याकाळी काडी लावायची, दुसऱ्या दिवशी राख पसरून टाकायची.

मी म्हणाले, “दादा, पलीकडच्या खोल्यांत माणसं राहतात.”

“ती काय कायमची आहेत? उद्या दुसरीकडे जातील.”

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. मुदतीने बांधलेल्या माणसाची ती भाषा होती. आमच्या तुकड्याच्या पूर्वेला पत्र्याच्या छपरांच्या बारा-चौदा खोल्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार तेथे भाड्याने राहतात. कारखाने तीन पाळ्यांत चालतात, म्हणून या खोल्यांमध्ये दिवसाच्या कोणत्याही वेळी कोणीतरी झोपलेले असते. वैशाखात पत्र्याखाली झोपायचे तर दार-खिडकी उघडी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांपैकी एका खोलीत पाच वर्षांची एक मुलगी आहे. तिला दमा आहे. तिची आई जवळच्याच एका गृहसंस्थेत झाडलोट करते. त्या संस्थेत जमा झालेली पाने रोज सकाळी कोपऱ्यात पेटवण्याचे कामही तिच्याकडेच होते. “गाडीवाला पानं घेत नाही, आणि साहेब म्हणतात ढीग दिसता कामा नये. मग मी काय पदरात बांधून आणू?” असे तिने मला एकदा विचारले होते. स्वतःच्या लेकरासाठी दम्याचा पंप विकत घेणारी बाई पोटासाठी रोज धूर करत होती. या गाठीचे कोणते टोक सोडवायला घ्यावे, हे मला त्या वेळी सुचले नव्हते.

दादाशी माझा वाद दोन दिवस चालला. मी कायदा सांगितला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायची होती. रस्त्यावर किंवा उघड्या सार्वजनिक जागेत कचरा जाळण्यास त्या नियमांत मनाई होती. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला. दादाने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “शेजारच्या प्लॉटवाल्याने गेल्या आठवड्यातच पेटवलं. त्याला कोण विचारायला आलं?” कायद्याचा आधार घेणाऱ्याला या प्रश्नापुढे नेहमीच थोडे थांबावे लागते.

मग मी धुराविषयी बोलले. लाकूड पूर्ण वाळलेले असेल आणि त्याला भरपूर हवा मिळाली तर ते ज्वालेने जळते. ओल्या फांद्या, माती लागलेली मुळे आणि दाबून रचलेली पाने ज्वालेने जळत नाहीत, ती धुमसतात. धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान असलेले हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. नाकातील केस आणि श्लेष्मा त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबराचे तुकडे असले, आणि पडीक जागेत ते असतातच, तर विषारी वायूंची आणखी भर पडते. थंडीच्या पहाटे तर जमिनीलगतची गार हवा वर उठतच नाही. तेव्हा पवनेच्या आणि इंद्रायणीच्या काठावर धुराचा थर तासन्‌तास घरांच्या उंचीवर तरंगत राहतो. म्हणजे जळाले ते संपत नाही. ते फक्त आपल्या जागेतून उठते आणि दुसऱ्याच्या छातीत जाऊन बसते.

दादा म्हणाला, “हे सगळं खरं असेल. पण आपल्या आईनं आयुष्यभर राब भाजला, तो काय होता मग?”

हा प्रश्न मात्र खरोखरीचा होता. आईचे माहेर खेड तालुक्याच्या पश्चिमेला, भीमेच्या खोऱ्यात. तो भाताचा मुलूख. तेथे, मावळात, मुळशीत आणि घाटाखाली कोकणात भाताची रोपवाटिका करण्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर एका लहानशा जागेवर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि सावकाश जळेल अशा बेताने ते पेटवायचे. त्या उष्णतेने तणांचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राखेतून पालाश आणि स्फुरद मिळते. पहिला पाऊस पडला की त्याच राखेत भात पेरतात. ब्रिटिश काळात वनखात्याने फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा या राबाच्या हक्कावरून शेतकऱ्यांचे आणि सरकारचे मोठे तंटे झाले होते. तेव्हा राब हा शेतकऱ्याचा नुसता नाद नव्हता. डोंगरउतारावरच्या, खताला महाग असलेल्या शेतीने शोधलेले ते एक साधन होते.

त्या साधनाचीही किंमत होतीच. जळताना नत्र हवेत उडून जाते आणि जे सेंद्रिय द्रव्य जमिनीत मुरायचे ते धूर होऊन निघून जाते. दर वर्षी फांद्या तोडल्यामुळे झाडे खुंटतात. म्हणून त्याच भातपट्ट्यात पुढे दुसऱ्या वाटा शोधल्या गेल्या. चारसूत्री भातशेतीत भाताचे तूस, पेंढा असे अवशेष पुन्हा वापरात आणण्यावर आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतातच खत म्हणून गाडण्यावर भर असतो. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळून गादीवाफ्यावर थेट बी टोकतात आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. जेथे राबाची परंपरा सर्वांत घट्ट होती, तेथेच राबाशिवाय भात पिकवण्याचे प्रयोग झाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाहेरून आलेला उपदेश आणि आतून निघालेली वाट यांत फरक असतो.

आई आमचे बोलणे ऐकत ओट्यावर बसली होती. जमीन तिच्या नावावर होती, खरेदीखतावर अंगठा तिचा लागायचा होता. तरी दोन दिवस तिने तोंड उघडले नव्हते. दादाने राबाचा विषय काढल्यावर ती म्हणाली, “राब भाजायचा तो पेरायला. राखेखाली तुम्हाला काय पेरायचंय?”

दादा काहीच बोलला नाही. मीही बोलले नाही. माझे नियम, दंडाच्या रकमा आणि सूक्ष्म कण यांनी जे साधले नव्हते ते या एका प्रश्नाने साधले. आईच्या लेखी आग हे पाप नव्हते. आगीला प्रयोजन हवे, मर्यादा हवी आणि तिच्यानंतर काहीतरी उगवायला हवे, एवढेच तिचे म्हणणे होते. ज्या जमिनीवर उद्या काँक्रीट पडणार, तिच्यावर राब कशाला?

त्यानंतर जे काम झाले ते कोणत्याही काव्यात बसण्यासारखे नव्हते. ते कष्टाचे, किचकट आणि खर्चिक होते. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून त्याचा तपशील सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे जेसीबीने सगळे एकत्र ढकलू द्यायचे नाही. माती, मुळे, प्लॅस्टिक, दगड आणि फांद्या यांचा एकदा काला झाला की त्याचे जाळण्यावाचून दुसरे काही करता येत नाही, किंवा तसे वाटू लागते. म्हणून आम्ही चार माणसे कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन लावली आणि तोडतानाच वेगवेगळे ढीग केले. कडुलिंबाच्या दोन मोठ्या झाडांना हात लावला नाही. वाढलेले झाड तोडायचे तर रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि घेणाऱ्यालाही सावली नको नव्हती. मनगटापेक्षा जाड असलेले लाकूड वखारवाल्याने उचलून नेले. तेही पुढे कोठेतरी जळणारच, हे मला ठाऊक आहे. पण ते वाळल्यावर, भट्टीत, दुसऱ्या एखाद्या इंधनाच्या जागी जळेल. वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या गावातील एका शेतकऱ्याने कुंपणासाठी मागून घेतल्या. राडारोडा आणि प्लॅस्टिक पोत्यांत भरून वेगळे काढले. उरल्या त्या बारीक फांद्या, घाणेरीची जाळी, सुबाभळीचा पाला आणि गवत.

या उरलेल्या ढिगासाठी फांद्यांचा भुगा करणारे यंत्र तासाच्या भाड्याने आणले. ढीग उंच दिसतो तो फांद्यांमुळे नव्हे, फांद्यांमधल्या हवेमुळे. यंत्रातून गेल्यावर तोच ढीग पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरला. दोन टेम्पो भरून तो भुगा मी शिकवते त्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात नेला. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना एकच अट घातली होती : वास आणि उंदीर होता कामा नयेत.

कुजणे ही गोष्ट आपण समजतो तितकी घाणेरडी नाही. नीट कुजणाऱ्या ढिगाला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. दुर्गंधी येते ती हवा न मिळालेल्या, पाणी साचलेल्या ढिगाला. कुजवणाऱ्या जिवाणूंना चार गोष्टी लागतात : कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. वाळलेली पाने आणि लाकडाचा भुगा यांत कर्ब भरपूर असतो, नत्र कमी असते. कर्ब तीस भाग आणि नत्र एक भाग असे प्रमाण जवळपास साधले तर काम वेगाने होते; त्यासाठी वाळलेल्या थरावर हिरव्या गवताचा थर आणि त्यावर शेणकाल्याचा शिंपडा द्यावा लागतो. ओलावा किती, तर भुगा मुठीत घट्ट दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब गळू नये इतका. ढीग किमान तीन-साडेतीन फूट लांब, रुंद आणि उंच असावा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. पहिल्या आठवड्यातच त्याच्या पोटातील तापमान पंचावन्न ते साठ अंशांवर जाते. आत खोचून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढली तर ती हातात धरवत नाही. माझे विद्यार्थी ती सळई पुन्हा पुन्हा काढून पाहत. “बाई, आत आग आहे!” असे एकजण ओरडला, तेव्हा त्याचे म्हणणे मी खोडून काढले नाही. काडी न लावताही पानांत साठलेली ऊर्जा बाहेर पडतच होती. फक्त ती सावकाश पडत होती, धूर न करता, आणि मागे माती ठेवून.

पावसाळ्यात मैदानाच्या कडेने गाजर गवत उगवले. अमेरिकेतून आलेल्या या तणाची भारतातील सुरुवातीची ठळक नोंद पुण्यातच, १९५५ च्या सुमारास झाली, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना त्याचा उगीचच अभिमान वाटला. ते फुलावर येण्यापूर्वी मुलांनी हातमोजे घालून उपटले आणि ढिगात घातले. फुलावर आलेले मात्र ढिगात घालता येत नाही. एकेका झाडाला हजारो बिया येतात आणि ढिगाच्या कडेला पुरेशी उष्णता नसते. तसे गवत खड्ड्यात शेणकाल्याबरोबर दाबून वरून मातीने लिंपून टाकावे लागते. दर पंधरवड्याला आम्ही ढीग फावड्याने उलथत असू. दिवाळीनंतर चाळण लावली तेव्हा खाली काळे, रवाळ खत पडले आणि चाळणीत उरलेल्या काड्या पुढच्या ढिगाच्या तळाशी गेल्या.

हे सारे मी एकटीने शोधून काढले असे मुळीच नाही. पुण्यात २०१६ साली अदिती देवधर यांनी ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्या आवारात पाने नकोशी झाली आहेत आणि ज्यांना बागेसाठी तीच पाने हवी आहेत, अशा माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, ही त्यामागील साधी कल्पना. एकाचा कचरा हा दुसऱ्याचा माल असतो. अडचण असते ती दोघांना एकमेकांचा पत्ता नसण्याची. ऊस पिकवणाऱ्या भागांतही हाच धडा आहे. उसाच्या तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट शेतात उरते. ते पेटवून देण्याऐवजी खोडव्याच्या सऱ्यांमध्ये पसरून, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले तर तेच पाचट पाणी धरून ठेवते, तण दाबते आणि शेवटी खत होते. याच पाचटाचा कोळसा करून त्याच्या स्वयंपाकासाठी कांड्या बनवण्याचे तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. २००२ साली त्याला इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात उघड्यावर वाया जाणारी आग त्यांनी बंद भट्टीत घातली आणि तिच्याकडून काम करून घेतले.

आमच्या पट्ट्यातही मोशीच्या कचरा डेपोवर कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्यासाठी तो उभारलेला आहे. मग पानेही तिकडेच पाठवावीत, असे कोणी म्हणेल. परंतु ओली पाने हे वाईट इंधन आहे. आणि पाच मजले उतरून कोपऱ्यातल्या खड्ड्यात जाऊ शकणारे पान दहा-पंधरा किलोमीटर डिझेल जाळून का न्यावे, हा प्रश्न राहतोच. जे जागच्या जागी कुजू शकते, त्याचा प्रवास जितका लहान तितका चांगला.

आता उरली किंमत, आणि ती सांगितल्याखेरीज ही हकिकत प्रामाणिक होणार नाही. आठ दिवसांची मुदत आम्हांला पाळता आली नाही. सव्वीस दिवस लागले. घेणाऱ्याने त्यापोटी ठरलेल्या रकमेतून काही पैसे कापून घेतले. मजुरी, यंत्राचे भाडे आणि टेम्पो यांचा खर्च वेगळा. प्रवेशशुल्काचा पहिला हप्ता दादाला पतपेढीतून उचल घेऊन भरावा लागला. कापलेल्या रकमेचा निम्मा वाटा मी उचलला, तरी दादा एकदा म्हणालाच, “धूर वाचवलास खरा, पण तो वाचवायला पैसे माझे गेले.” त्याचे म्हणणे चूक नाही. काडी लावली असती तर काहीच खर्च आला नसता, असे त्याला वाटते. मला वाटते, खर्च तेव्हाही आला असता. तो फक्त आमच्या वहीत लिहिला गेला नसता. पत्र्याच्या खोल्यांतून तो वसूल झाला असता : कोणाच्या मोडलेल्या झोपेतून, कोणाच्या बुडालेल्या पाळीतून, एका मुलीच्या रात्रभराच्या धापेतून. ती माणसे भाडेकरू आहेत, उद्या दुसरीकडे जातील, म्हणून त्यांच्याकडून हा खर्च घ्यायला कोणाला परवानगी लागत नाही. आमच्या दोघांतील मतभेद अजून मिटलेला नाही. पण तो कशाविषयी आहे हे आता आम्हां दोघांनाही कळले आहे.

त्या मुलीच्या आईच्या गृहसंस्थेत मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी कुंपणालगत लोखंडी जाळीचे दोन गोल पिंजरे उभे केले. पाने त्यात टाकायची, आठवड्यातून एकदा पाणी मारायचे, वर्षभराने तळाचे खत काढायचे. जाळण्याहून हे काम तिला हलके पडते. मागच्या बाजूला अजूनही कधीकधी धूर दिसतो, विशेषतः सणाच्या आदल्या दिवशी, जेव्हा सगळे लवकर ‘साफ’ हवे असते. दोन पिंजऱ्यांनी शहर बदलत नाही. मात्र रोज सकाळी त्या बाईला आपल्याच हाताने लावावी लागणारी एक काडी वाचली, एवढे नक्की.

मराठीत एक म्हण आहे : बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते. आपण ती दुर्दैवी माणसाला धीर देण्यासाठी वापरतो आणि तिच्यातील उकिरड्याकडे दुर्लक्ष करतो. ज्या शेतकऱ्यांनी ही म्हण घडवली, त्यांच्या दारात उकिरडा असे आणि तो शरमेचा विषय नसे. शेण, केर, पाला, चुलीतील राख असे घरातले सारे नकोसे त्यात जाई आणि वैशाखात गाड्या भरून शेतात पसरले जाई. नकोशा वस्तूला वेळ दिला की ती हवीशी होते, ही त्या म्हणीच्या पोटातली शेतकी आहे. कारखान्यांच्या या पट्ट्यात आपल्याकडे रस्ते आले, पगार आले, यंत्रे आली; कमी पडू लागला तो वेळ, आणि ज्याला वेळ नाही त्याच्या हाती काडेपेटी सहज येते. पानाला माती होण्यासाठी सहा महिने लागतात. ते सहा महिने कोणीतरी द्यायचेच असतात : ज्याचे अंगण आहे त्याने, की ज्याची खिडकी उघडी आहे त्याने, एवढाच काय तो निर्णय आपल्या हाती असतो.